डनलूसचे स्वयंपाकघर खरोखरच समुद्रात बुडाले का?

प्रश्न : माझी मुलगी बेलफास्टला असते. गेल्या उन्हाळ्यात तिने आम्हाला डनलूस हा पडका किल्ला दाखवला. जेवणावळीची तयारी चालू असताना वादळात तेथील स्वयंपाकघर नोकरांसह समुद्रात कोसळले आणि म्हणून मालकांनी किल्ला सोडला, असे तेथे ऐकायला मिळाले. हे खरे आहे काय? त्या घराण्याचे पुढे काय झाले? – एक वाचिका, दादर, मुंबई

उत्तर : ही कथा 1639 सालची म्हणून सांगितली जाते, परंतु स्वयंपाकघराचे अवशेष, त्यातील चुलाण्यांसह, आजही जागेवर उभे आहेत. निवासी वाड्याची समुद्राकडील उत्तर भिंत मात्र खरोखरच कड्यावरून खाली गेली. पण ती अठराव्या शतकात, म्हणजे घराणे तेथून निघून गेल्यानंतर. दंतकथेला आधार मिळाला असेल तर तो बहुधा येथेच.

उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम परगण्याच्या किनाऱ्यावर, आपल्या सह्याद्रीसारख्याच काळ्या बेसाल्टच्या सुळक्यावर हा किल्ला मॅकक्विलन घराण्याने 1500 च्या सुमारास बांधला आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडशी नाते असलेल्या मॅकडॉनेलांनी तो त्यांच्याकडून हिसकावून घेतला. या घराण्यातील सर्वांत चिवट पुरुष म्हणजे सॉर्ली बॉय मॅकडॉनेल. राणी एलिझाबेथचा आयर्लंडमधील प्रतिनिधी सर जॉन पेरट याने 1584 साली तोफा लावून किल्ला घेतला खरा, पण सॉर्ली बॉयने तो लवकरच परत मिळवला. आतील फितुरांनी त्याच्या माणसांना टोपल्यांत बसवून कड्यावरून वर ओढून घेतले, अशी आख्यायिका आहे; सिंहगडच्या घोरपडीची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांनी तिच्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते स्वतःच ठरवावे. 1588 च्या ऑक्टोबरात स्पॅनिश आरमारातील ‘जिरोना’ हे जहाज जवळच फुटले, तेव्हा त्यावरील तोफा किल्ल्यावर चढवल्या गेल्या आणि हाती लागलेल्या मालाच्या पैशांतून डागडुजी झाली.

1620 मध्ये सॉर्ली बॉयचा मुलगा रँडल याला अर्ल ऑफ अँट्रिम ही पदवी मिळाली. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याने वसवलेल्या गावाच्या फरसबंद रस्त्यांचा काही भाग अलीकडच्या उत्खननात उघडा पडला आहे. दुसऱ्या अर्लने 1635 साली बकिंगहॅमच्या ड्यूकच्या विधवेशी, कॅथरीन मॅनर्सशी विवाह केला आणि लंडनच्या दरबारी थाटापायी कर्जाचा डोंगर उभा केला. 1641 च्या आयरिश बंडात गाव जळाले, पुढच्याच वर्षी स्कॉटिश सेनापती मन्रो याने अर्लला अटक करून किल्ला ताब्यात घेतला आणि इंग्लंडची राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या काळात जमिनीही गेल्या. राजसत्ता परतल्यावर त्या जमिनी बऱ्याच अंशी परत मिळाल्या, परंतु किल्ल्याला पूर्वीचे वैभव आले नाही. थोडक्यात, डनलूस ओस पडला तो लाटांमुळे नव्हे, तर कर्ज आणि राजकारण यांमुळे; आमच्या मते ही हकीकत दंतकथेहून अधिक रंजक आहे.

मॅकडॉनेल घराणे नामशेष झालेले नाही. ते त्याच परगण्यातील ग्लेनआर्म येथे स्थायिक झाले आणि 1928 साली डनलूस सरकारी देखभालीखाली गेला. पुन्हा मुलीकडे गेलात तर बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये अवश्य जा. ‘जिरोना’च्या अवशेषांतून पाणबुड्यांनी 1967 पासून वर काढलेले दागिने तेथे आहेत आणि त्यांत माणके जडवलेले, पंख असलेल्या सरड्याच्या आकाराचे एक इवलेसे सोन्याचे पदक आहे.