वाचक विचारतात : १९४८ चे हक्क आजच्या मोबाइलला लागू होतात का?

प्रश्न : मानवी हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा ना इंटरनेट होतं ना एआय, आणि हवामान बदलाचं तर नावही कुणी घेत नव्हतं. मग तो कागद आता म्युझियममध्ये ठेवायचा का? की दर दहा वर्षांनी नवीन हक्क जोडत बसायचं?

उत्तर : म्युझियमची घाई नको हो. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तो मंजूर झाला, ४८ देश बाजूने, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. कलमं फक्त ३०. त्यातलं १२ वं वाचा, माणसाच्या खाजगी आयुष्यात, घरात, पत्रव्यवहारात कुणी मनमानी ढवळाढवळ करायची नाही असं ते सांगतं. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर पाकिटं फोडून पत्रं वाचणारा सरकारी माणूस असणार, आपण तोच शब्द चॅट, ईमेल, लोकेशनपर्यंत ताणतोय आणि तो ताणला जातोय, फाटत नाहीये. (शब्दांवर तेव्हाही भांडणं झाली बरं का, पहिल्या कलमातलं 'ऑल मेन' बदलून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी हट्ट धरला म्हणून.)

हवामानाचं मात्र तुमचं बरोबर आहे, जाहीरनाम्यात पर्यावरण हा शब्दच नाही. जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क आहे असा ठराव केला, १६१ मतं बाजूने, पण ठराव म्हणजे कायदा नव्हे, तो मोडला म्हणून कुणाला कोर्टात खेचता येत नाही. मला जास्त भारी वाटते ती स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ बायकांच्या संघटनेची केस. उष्णतेच्या लाटांचा जास्त त्रास म्हाताऱ्या बायकांना होतो आणि सरकार पुरेसं काही करत नाही, असं म्हणत त्या शेवटी स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टात गेल्या आणि ९ एप्रिल २०२४ ला जिंकल्या. कोणत्या कलमावर? तर खाजगी आणि कौटुंबिक आयुष्याच्या! १९५० च्या युरोपियन मानवी हक्क करारातलं कलम, आपल्या त्या १२ व्याचं भावंडच म्हणा ना. म्हणजे नवीन हक्क आला नाही, जुन्याच वाक्यात कोर्टाला ऊन दिसलं.

माझ्या मते खरी अडचण हक्कांची यादी कमी पडते ही नाहीचे, जाब कुणाला विचारायचा ही आहे. मानवी हक्कांचे करार सरकारांना बांधतात, आणि आज आपली माहिती सरकारपेक्षा जास्त कंपन्यांकडे पडलीये. कंपन्यांसाठी २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली पण ती पाळायची की नाही हे बरंचसं त्यांच्याच मर्जीवर. त्यापेक्षा युरोपियन युनियनचा मे २०१८ पासूनचा डेटा कायदा कामाचा, त्यात दंड आहे, आणि दंड म्हटलं की सगळ्यांना बरोबर ऐकू येतं. फेब्रुवारी २०२५ पासून तर तिथे ऑफिसात आणि शाळेत एआय लावून माणसाच्या भावना ओळखायलाही बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून.

प्रश्न : कर्जाचा अर्ज कंप्युटरनेच नाकारला, कारण कुणी सांगेना. हा पण मानवी हक्काचा मुद्दा का?

उत्तर : हो, भेदभाव झाला असेल तर नक्कीच. मशीन शिकतं जुन्या निर्णयांवरून, तेव्हा एखाद्या वस्तीतल्या लोकांना डावललं असेल तर ते पुढेही डावलत राहणार, आणि वर 'सिस्टिमनेच नाही म्हटलं' हे ऐकून घ्यायचं. युरोपच्या त्या २०१८ च्या डेटा कायद्यात काही अपवाद सोडता फक्त मशीनने असा मोठा निर्णय घ्यायचा नाही असं आहे, आणि अपवादातही बऱ्याचदा माणसाकडून फेरतपासणी मागता येते. तुमच्याकडे तसा कायदा असो नसो, कारण लेखी मागा आणि निर्णय माणसाने परत बघावा असंही त्यात लिहा. उत्तर आलं नाही तरी तो कागद जपून ठेवा, पुढे तक्रार करताना तोच लागतो.