‘वेवर्ड चिल्ड्रन’ कोणत्या क्रमाने वाचावी? दुसऱ्या भागात नॅन्सी कुठे गायब झाली?

‘वेवर्ड चिल्ड्रन’ ही शॉनन मॅग्वायर यांची इंग्रजी लघुकादंबऱ्यांची मालिका: जादूच्या दारातून दुसऱ्या दुनियेत जाऊन परत आलेल्या मुलांच्या निवासी शाळेची गोष्ट. नॅन्सी ही पहिल्या भागाची नायिका. तुम्ही विचारलंय की बोरिवली-चर्चगेट प्रवासात पहिला भाग वाचून संपवला, आवडला, पण दुसरा उघडला तर त्यात नॅन्सीचं नावसुद्धा नाही. मग पुढे वाचायचं कसं, आणि बारा वर्षांच्या भाचीला ही पुस्तकं द्यावीत का?

नॅन्सी तिसऱ्या भागात भेटेल. दुसरा भाग मुळात ‘पुढचा’ नाहीच, तो मागचा आहे. या मालिकेची वीण अशी, की विषम क्रमांकाचे भाग (1, 3, 5, 7, 9) शाळेतली गोष्ट पुढे नेतात आणि सम भाग एकेका मुलाला धरून, तो दारापलीकडे गेला तेव्हा काय झालं ते सांगतात. हे ठाऊक नसल्यामुळे बरेच जण दुसऱ्या भागातच पुस्तक मिटतात.

2016 ते 2025 मध्ये आलेले पहिले दहा भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वाचणं सर्वांत सोपं. अगदीच उड्या मारायच्या असतील तर काही जोड्या मोडू नका. पहिल्याच्या आधी दुसरा नको, कारण पहिला भाग खुनाचं रहस्य आहे आणि दुसरा वाचला की त्यातला जीवच जातो. पाचवा भाग 1, 2 आणि 3 झाल्याशिवाय कळणार नाही. सहाव्यातली रीगन सातव्यात येते, आठव्यातली अँट्सी नवव्यात. दहावा भाग शाळेतल्या नाद्या या मुलीचा. तिची तिसऱ्यात ओळख झालेली असली तर तो जास्त लागतो. चौथा मात्र कुठेही बसतो. फ्लोरा फाउंटनला किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला फुटपाथवर सुटा भाग हाती लागला, तर आतल्या पानावरचं प्रथम प्रकाशनाचं वर्ष बघा. पहिला 2016, दुसरा 2017, तिसरा 2018 असं दरवर्षी एक धरत गेलात की क्रमांक आपोआप निघतो. दुकानात विचारताना लेखिकेचं नाव ‘शॉनन’ मॅग्वायर. स्पेलिंग बघून सगळे सीनन म्हणतात, त्यामुळे दोन्ही सांगून बघा.

पहिल्या भागाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचं ह्यूगो पारितोषिक लघुकादंबरी गटात मिळालं. त्या गटाची मर्यादा 40 हजार शब्दांची. मिनिटाला दीडशे शब्दांच्या निवांत वेगानेही तो साडेचार तासांच्या आत संपतो, म्हणजे जाता-येता दोन तास मिळत असतील तर दोन-अडीच दिवस. पण म्हणून दहाच्या दहा सलग वाचू नका. दार दिसणं, ‘खात्री असू दे’ हा इशारा, पालकांचं न समजणं, हे सूर प्रत्येक भागात परत लागतात. लागोपाठ वाचलं तर चौथ्या-पाचव्या भागाला लेखिका तेच तेच सांगतेय असं वाटायला लागतं. मध्ये पंधरा दिवस दुसरं काहीतरी वाचा.

दुसरी फसगत अपेक्षेची होते. दारातून पलीकडे गेलेली मुलं, म्हणजे लढाया, नकाशे, राजवंश असं आपण गृहीत धरतो. इथे दुनिया चार फटकाऱ्यांत रंगवलेल्या असतात, कारण गोष्ट जाण्याची नाही, परत आल्यानंतरची आहे. पहिल्या भागातला बॅगेचा प्रसंग पुन्हा वाचा. नॅन्सी मृतांच्या महालांत पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायला शिकून आलेली, काळा-पांढरा सोडून रंग नको असलेली मुलगी. वसतिगृहात ती बॅग उघडते, तर आईवडिलांनी तिचे कपडे काढून सगळे रंगीबेरंगी भरलेले. मारहाण नाही, आरडाओरडा नाही, उलट माया आहे. पण ती माया त्यांना हव्या असलेल्या मुलीवर आहे, समोर उभ्या असलेल्या मुलीवर नाही. मग शाळेतला केड हा मुलगा तिला माळ्यावर नेतो, तिथे शाळेतली मुलं आपले नकोसे कपडे टाकून हवे ते उचलतात. माझ्या मते अख्खी मालिका या दोन पानांत आहे. आपल्याकडे सासर-माहेर हे शब्द असल्याने हे चटकन कळतं. या मुलांचं माहेर पलीकडे राहिलंय आणि जन्मघरी ती सासुरवाशिणीसारखी जपून वावरतात.

पलीकडच्या दुनियांची दिशांनुसार केलेली विभागणी (तर्क-अतर्क, सद्गुण-दुष्टता) पाठ करत बसू नका. शाळेतल्या सुमीची मिठायांची दुनिया अतर्काची, जुळ्या बहिणी जॅक आणि जिल यांचं माळरान तर्काचं, एवढं लक्षात राहिलं तरी भागतं. गोष्ट पुढे सरकते ती त्या-त्या दुनियेच्या नियमांवर. चौथ्या भागातला गॉब्लिन मार्केट हा दारापलीकडचा बाजार बघा. तिथे घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचं वाजवी मोल चुकवावंच लागतं. क्रॉफर्ड मार्केटची घासाघीस तिथे उपयोगाची नाही. देणं थकलं की अंगावर पिसं उगवायला लागतात आणि माणूस हळूहळू पक्षी होतो. अठराव्या वाढदिवसाआधी इथलं की तिथलं हे ठरवायचं. या भागाची नायिका लंडी हा हिशेब दोन्हीकडे जुळवायला जाते. भाग संपायच्या बराच आधी तुम्हाला शेवटाचा अंदाज येईल आणि तरी तो वाचणं सोसवणार नाही.

दहांत उजवा हा चौथाच. त्याखालोखाल दुसरा. तिसरा भाग गमतीदार पण सैल आहे, आणि नववा वाचताना मागची सगळी पात्रं आठवावी लागतात.

भाचीचं म्हणाल तर पहिला भाग बाराव्या वर्षी नको, त्यात मृतदेहांची विटंबना आहे. आठव्यात सावत्र बापाचं लहान मुलीशी वाईट वागणं येतं. तसं काही घडण्याआधी ती पळून जाते, हे लेखिका सुरुवातीलाच सांगून टाकते, तरी तो मोठ्यांनी आधी वाचावा. सातव्यात जाड असण्यावरून कोरा या मुलीची झालेली टवाळी आहे. भाचीला द्यायचाच तर सहावा द्या. तो स्वतंत्र वाचता येतो आणि त्यात सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडे) आणि युनिकॉर्न (एकशिंगी घोडे) यांचं खुरांचं राज्य आहे. फक्त रीगनचं शरीर जन्मतः ठरावीक मुलीसारखं नाही हे तिला दहाव्या वर्षी कळतं आणि जिवलग मैत्रीण तिला तोडून टाकते, ती सुरुवातीची पानं भाचीबरोबर बसून वाचा. मग घोडे आवडत असतील तर उरलेलं ती तुम्हाला विचारत बसणार नाही.