जळगावात राहून छायाचित्रणाचा छंद टिकवायचा कसा?

आपण विचारले आहे की, मोबाइलवर छायाचित्रे काढण्याची गोडी लागली, पण दोन-तीन महिन्यांतच कंटाळा येऊ लागला; जळगावच्या आसपास 'काढण्यासारखे' काही नाही, तेव्हा हा छंद टिकवायचा कसा आणि त्यासाठी चांगला कॅमेरा घ्यावा का? मी रावेर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे आणि गेली बारा-तेरा वर्षे सुट्टीच्या दिवशी हाच उद्योग करत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. (उत्तरेला सातपुडा उभा असताना 'काढण्यासारखे काही नाही' हे मला मान्य नाही, पण तो वाद बाजूला ठेवू.)

माझ्या मते कंटाळ्याचे मूळ गावात नसून दर रविवारी नवे ठिकाण शोधण्याच्या सवयीत आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांचे उदाहरण याबाबत पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म मुंबईचा. पण आयुष्य गेले ते चाळीसगावात, रेल्वे स्टेशनाजवळच्या बंगल्यात, आणि त्या बंगल्याबाहेर ते क्वचितच पडत. घरातल्या लहानसहान वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांवर प्रकाश असा सोडायचा की छायाचित्रात एखादे विस्तीर्ण दृश्य उभे राहावे, या 'टेबलटॉप' प्रकारात त्यांनी मोठे नाव मिळवले. तो बंगला आता त्यांच्या कलाकृतींचे दालन म्हणून जपलेला आहे. चाळीसगावला जाणे झाले तर तो जरूर पाहावा आणि घरी आल्यावर खिडकीत एक भरताचे वांगे ठेवून तासभर त्याचीच छायाचित्रे काढावीत. वांग्याच्या तुकतुकीत सालीवर खिडकी कशी उमटते आणि पडदा अर्धा ओढल्यावर ती कशी बदलते, एवढे पाहण्यातच दुपार निघून जाईल.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेआठनंतर माथ्यावरचा प्रकाश इतका कडक होतो की माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि पांढरे सदरे पार पांढरेफटक होऊन जातात. त्या दिवसांत मी पहाटे निघून आठपर्यंत परततो किंवा संध्याकाळची वाट पाहतो. दुपारी काढायचेच झाले तर माणसाला ओसरीच्या सावलीत, दारापासून हातभर आत बसवतो, कारण अंगणातून परतून आलेला प्रकाश चेहऱ्यावर फार मऊ पडतो. कापसाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. जिनिंगच्या आवारातील कापसाच्या ढिगाचे छायाचित्र काढले की तो ढीग मळकट, राखाडी दिसतो. यात दोष कापसाचा नाही. समोरचे दृश्य सरासरी मध्यम उजेडाचे असणार असे कॅमेरा धरून चालतो आणि पांढरेपणा दडपतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवर ढिगावर बोट टेकवून सूर्याचे चिन्ह वर सरकवले तरी तेच काम होते. काळ्या म्हशीच्या बाबतीत नेमके उलटे करावे.

उजेड मागून घेण्याचे महत्त्व मला आमच्या स्वयंपाकघरात कळले. आमच्या मावशी खापरावरचे मांडे करतात. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर अलगद टाकायची, हा सगळा प्रकार काही सेकंदांचा असतो. पहिल्या वर्षी मी फ्लॅश लावून काढले. मांडे दिसले, वाफ गेली आणि मावशीही वैतागल्या. पुढच्या खेपेला मी जागा बदलली: खिडकी मावशींच्या मागे, तिच्याखाली धुराने काळवंडलेली भिंत आणि मी चुलीच्या अलीकडे. मागून येणाऱ्या उजेडात वाफेचा प्रत्येक पदर त्या काळ्या भिंतीवर उठून दिसला आणि हातावरची पोळी इतकी पारदर्शक झाली की पलीकडची पाची बोटे मोजता आली. तीच वाफ, तेच घर. मी फक्त चार पावले सरकलो होतो.

दीर्घकाळ चालणारा एखादा प्रकल्प हाती घ्यावा, असा माझा आग्रह आहे. मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मृगबागेतील, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेतील, एक केळीचे झाड निवडले आणि दर रविवारी बांधावरच्या एकाच दगडावर उभे राहून, त्याच उंचीवरून त्याचे एकेक छायाचित्र काढू लागलो. सुरुवातीचे दोन महिने काहीच घडत नाही असे वाटत होते. मग पानांचा रंग, खोडाचा घेर, पील (बुंध्याशी फुटणारी पिल्ले) कापल्याच्या खुणा, बाग निसवल्यावर, म्हणजे फुलोरा बाहेर पडल्यावर, खाली लोंबलेले जांभळे केळफूल आणि त्याची एकेक पाकळी उचलली जाऊन उघडी पडणारी फणी, हे सारे मला दिसू लागले. ते आधीही तिथेच होते. घड कापणीला आला असताना जूनच्या सुरुवातीला वादळ झाले आणि बागेतील निम्मी झाडे आडवी झाली, त्यांत माझेही होते. मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. तेव्हा तो शेतकरीच म्हणाला, "काढ ना भो, आता काहाले थांबला?" ते शेवटचे छायाचित्र मी त्याच दगडावरून काढले. नंतर सगळा संच छापून त्यांना दिला. तेव्हापासून ज्यांची छायाचित्रे काढतो त्यांना छापील प्रत नेऊन द्यायची, असा नियमच केला आहे; दुसऱ्यांदा गेल्यावर मग परवानगीसाठी अवघडावे लागत नाही.

जत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा अवश्य करावी. धावता घोडा जागच्या जागी थिजवायचा असेल तर शटर, म्हणजे उजेड आत घेणारा कॅमेऱ्याचा पडदा, १/१००० सेकंदच उघडेल असे ठेवावे; त्याच्या वेगाचा भास हवा असेल तर १/३० ते १/६० ठेवून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत राहावा. वीस प्रयत्नांत एखादे छायाचित्र साधते. मी तिथे भर धुळीत लेन्स बदलण्याचा शहाणपणा केला होता, त्यामुळे आत सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) धूळ बसली आणि पुढच्या महिनाभरातील प्रत्येक आकाशात एकाच जागी काळा ठिपका आला. लेन्स बदलायचीच असेल तर आडोशाला, कॅमेरा बंद करून आणि त्याचे तोंड खाली धरून बदलावी.

अजिंठाही आपल्याला जवळच आहे, मात्र लेण्यांत फ्लॅश चालत नाही, त्यामुळे तिथे हात स्थिर ठेवण्याचा चांगला सराव होतो. तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात वर्षानुवर्षे घालवणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांच्या बऱ्याच प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल छायाचित्रेही काढत. त्यांचा शेवट १८७९ मध्ये आपल्या भुसावळला झाला.

राहिला कॅमेऱ्याचा प्रश्न. वर्षभर मोबाइलवरच काढावे आणि डिजिटल झूम टाळून स्वतः पुढे-मागे सरकावे. वर्षानंतर आपल्या छायाचित्रांतील नेमकी कोणती गोष्ट मोबाइलमुळे अडली, हे लिहून काढावे. अंधारातील माणसे अडली असतील तर एखादा जुना, वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि कमी उजेडातही चालणारी ५० मिमी एफ/१.८ लेन्स पुरेशी आहे. पक्षी अडले असतील तर मात्र खर्च बराच वाढतो, तेव्हा हतनूर धरणावर जाऊन आधी दुर्बिणीने पक्षी पाहण्यात आपले मन रमते का, एवढे तपासून घ्यावे.