पैसे तुम्ही दिलेत, मग हक्क कंपनीचा कसा?

प्रश्न : मी इंदूरला राहतो. सव्वा वर्षापूर्वी परगावच्या एका स्वयंप्रकाशन कंपनीला 42,000 रुपये दिले. 100 प्रती ठरल्या, आल्या 30. आता ओळखीच्या वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन मीच पुस्तक छापतो म्हटलं, तर कंपनी म्हणते, हक्क आमचे. करारात ‘कंपनीस छापण्याचा व विकण्याचा परवाना’ एवढंच आहे. मुदत लिहिलेली नाही.

उत्तर : तुम्ही उतरवून पाठवलेल्या कलमात ‘अनन्य’ किंवा ‘एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे फक्त कंपनीलाच, हा शब्द नाही, आणि सगळं त्यावरच अडतं. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे पहिला मालक लेखक. परवाना दिल्यानं मालकी जात नाही, आणि तो अनन्य नसेल तर कंपनीही छापू शकते, तुम्हीही. मुदत लिहिली नसेल तर कलम 19(5) प्रमाणे पाच वर्षं धरतात. तोवर कंपनीनं विकलेल्या प्रतींचा हिशेब मात्र मागत राहा.

पण करारात ‘बाकी अटी संकेतस्थळाप्रमाणे’ असं वाक्य आहे का, ते आधी बघा. ‘अनन्य’ हा शब्द बहुधा संकेतस्थळावरच्या अटींतच दडलेला असतो. सापडला, तर करार रीतसर संपवल्याशिवाय छपाईला हात लावू नका.

कंपनीची पीडीएफ इंदूरच्या खजुरी बाजारात नेऊन तशीच छापू नका. मजकूर तुमचा, मुखपृष्ठ कदाचित दुसऱ्याचं. अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ नव्यानं करून घ्या. जुना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, कंपनीच्या नावावर असेल, तर तोही चालणार नाही. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून नवा फुकट मिळतो, लेखकालासुद्धा.

राहिलेल्या 70 प्रतींसाठी स्पीड पोस्टानं पंधरा दिवसांची नोटीस द्या. मग इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते, म्हणून कंपनीच्या गावी खेटे नकोत. मोबदला पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्क नाही. प्रती देण्याचं चुकलं तेव्हापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘हा व्यापारी व्यवहार, ग्राहक कसले?’ असा आक्षेप हमखास येईल. प्रती कशासाठी हव्या होत्या ते तक्रारीत खरंखरं लिहा. मनस्तापापोटी लाखभर मागण्यापेक्षा 70 प्रती किंवा त्यांची रक्कम मागा, ते लवकर पटतं.

आता वाचकांचे पैसे. यात माणसं भोळेपणानं अडकतात. ‘गुंतवणूक’, ‘नफ्यात वाटा’, ‘पैसे व्याजासह परत’ यातलं काही लिहू नका. 2019 च्या अनियंत्रित ठेवींवरील बंदीच्या कायद्यात सापडाल. पुस्तकाची आगाऊ किंमत घेतो, असंच म्हणा. पावतीवर छापील किंमत, सवलतीची किंमत, टपालखर्च कोणाचा आणि प्रत देण्याची तारीख घाला. अमुक तारखेपर्यंत 150 नोंदण्या झाल्या नाहीत तर पैसे परत, हेही लिहा. परत देणं लागू झालं की पंधरा दिवसांत द्या. त्यापुढे तीच रक्कम कायद्यानं ठेव ठरते. म्हणून खातं वेगळं ठेवा आणि नोंदणी पुरी होईतो त्यातून छापखान्याला आगाऊ देऊ नका.

छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि 1954 च्या कायद्यातल्या इतर ग्रंथालयांना स्वखर्चानं प्रती पाठवायच्या. आता प्रकाशक तुम्ही, तेव्हा हे काम तुमचंच.