खुणा जुळल्या, तरी गाडी फटाके मारते

बॉनेट उघडून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे १९९७ची झेन आहे, कार्बोरेटरवाली. वडिलांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही. टायमिंग बेल्टला (क्रँक आणि कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा) बारीक भेगा दिसल्या, तेव्हा गेल्या रविवारी घरीच बदलायला घेतला. बेल्ट नवा, टेन्शनरचं बेअरिंग नवं. इंजिन हाताने हलकं फिरावं म्हणून चारही प्लग काढले. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गिअरची खूण आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) गिअरची खूण आपापल्या जागी जुळवली. पान्याने दोन वेढे फिरवून पुन्हा पाहिलं, खुणा जागेवरच होत्या. मग डिस्ट्रिब्यूटरची (पाळीपाळीने एकेका प्लगला करंट वाटणारा डबा) टोपी उघडली, तर रोटरचं, म्हणजे आत फिरणाऱ्या काट्याचं, तोंड चार नंबरच्या वायरीकडे! एक नंबरचा पिस्टन टॉपला, म्हणजे अगदी वर, असताना रोटर एककडे हवा असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. म्हणून मी वायरी सरकवून तिथे एक नंबर आणला आणि पुढे सिलिंडर पेटायच्या क्रमाने १-३-४-२ अशा लावल्या. आता सेल्फ मारला की इंजिन नेहमीसारखं फिरतं, पण सुरू होत नाही. कार्बोरेटरमधून फट्ट असा आवाज येतो, एकदा तर जाळ दिसला. करंट आहे, पेट्रोल आहे. बेल्टचा एखादा दात चुकला असेल का? पुन्हा सगळं उघडू का? कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने ‘व्हॉल्व्ह गेले, हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल’ असं सांगितल्यापासून झोप नाही.
– एक वाचक, मिरज

उत्तर : काही उघडू नका आणि हेडला तर हातही लावू देऊ नका. तुमचा बेल्ट बरोबर बसलाय असं तुमचं पत्रच सांगतंय. चुकल्यात त्या वायरी. आणि त्या आधी बरोबर होत्या, हे त्यातलं दुःख.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : ‘इंजिन नेहमीसारखं फिरतं’. व्हॉल्व्ह वाकले की ते नीट बसत नाहीत, दाब धरत नाहीत, आणि मग सेल्फ मारल्यावर इंजिन मिक्सरसारखं एकसुरी, भराभरा गरगरतं. चांगल्या इंजिनाचा सेल्फ दर दाबाला जरा अडखळतो, त्यात ठेका असतो. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये असताना आमचे वस्ताद दाराबाहेर चहा पीत उभे असायचे आणि आतल्या सेल्फच्या आवाजावरून कुठला सिलिंडर मेलाय ते सांगायचे. मला तेवढं कधी जमलं नाही, पण ठेका आहे की नाही एवढं कोणालाही ऐकू येतं. तुमचा ठेका शाबूत आहे.

आता दाताचं. क्रँकच्या गिअरचे दात मोजा आणि ३६०ला त्या आकड्याने भागा. वीस दात असतील तर एक दात म्हणजे १८ अंश. एवढा फरक पडला तर गाडी बहुधा चालू होते, पण ओढत नाही, आयडलला थरथरते, चढावर रडते. दोन-तीन दात चुकले तर मात्र होत नाही. पण तुम्ही दोन वेढे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्यात. निम्मे लोक हे करत नाहीत.

मग रोटर चारकडे का? क्रँक दोन वेढे घेतो तेव्हा कॅम एक घेतो. म्हणून तर कॅमच्या गिअरला दुप्पट दात असतात. तुमच्या चार सिलिंडरमध्ये एक आणि चार नंबरचे पिस्टन जोडीने वर येतात, दोन आणि तीन जोडीने. एक-चारची जोडी टॉपला आली की त्यातला एक दाब घेऊन पेटायला तयार असतो आणि दुसरा नुकता धूर बाहेर टाकून नवा श्वास घ्यायला लागलेला असतो. दोघांतला तयार कोण, हे क्रँकला ठाऊक नसतं. ते कॅमला ठाऊक असतं, आणि कॅमवर फिरणाऱ्या रोटरला. कंपनीने गिअरवर ज्या खुणा केल्यात त्या बेल्ट बसवण्यापुरत्या. खुणा जुळल्या म्हणजे एक नंबर पेटायला तयार, असा शब्द त्यांनी दिलेला नाही. तुमच्या गाडीत त्या घडीला पाळी चार नंबरची होती आणि रोटर तेच सांगत होता. तुम्ही त्याला खोटं ठरवलंत आणि तिथे एकची वायर आणून लावलीत.

परिणाम काय झाला? चार नंबर दाब घेऊन करंटची वाट पाहत बसलाय आणि करंट जातोय एक नंबरला, जिथे इनटेकचा, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणारा, व्हॉल्व्ह नुकता उघडायला लागलाय. तिथलं पेट्रोल पेटलं की जाळ उघड्या वाटेने उलटा कार्बोरेटरकडे पळतो. तोच तुमचा ‘फट्ट’.

उपाय पाच मिनिटांचा आहे : एकची आणि चारची वायर आपसांत बदला, दोनची आणि तीनची आपसांत बदला. झालं. जी वायर ताणून लावावी लागते ती बहुतेक वेळा परक्या जागी असते, तेही बघून घ्या.

माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल (ठेवू नका, मी गाडी पाहिलेली नाही) तर आधी खात्री करा. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबून धरा आणि मुलाला क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हळू फिरवायला सांगा. बेल्टच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखं. बाकीचे प्लगही काढलेले असले तर हाताला जड जाणार नाही. एका वेढ्याला अंगठ्याखाली काही होणार नाही, दुसऱ्या वेढ्याला हवा अंगठा ढकलून फुस्स करत बाहेर येईल. तोच दाबाचा वेढा. पिस्टन टॉपला आला की थांबा आणि टोपी उघडून रोटर बघा. त्याचं तोंड आत्ता जिकडे आहे, तिथे एक नंबरची वायर. बाकीच्या तीन रोटर फिरतो त्या दिशेने ३-४-२.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. एसटीत सगळं आयुष्य डिझेलवर गेलं; तिथे करंटची भानगडच नाही. निवृत्तीनंतर गॅरेज टाकलं आणि पहिल्याच महिन्यात एक प्रीमियर पद्मिनी आली. हेडचं काम झकास केलं आणि वायरी नेमक्या तुमच्यासारख्या लावल्या. दिवसभर कार्बोरेटर खोल-जोड, पेट्रोल पंप खोल-जोड. संध्याकाळी ‘बघू तरी’ म्हणून कार्बोरेटरवर वाकलो असताना पोराने सेल्फ मारला. माझ्या डाव्या भुवईचा कोपरा अजून विरळ आहे. गाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं, तो एसटीने गेला. त्यामुळे तुम्हाला हसायचा अधिकार मला नाही.

भुवईवरून आठवलं, सेल्फ मारण्याआधी एअर फिल्टरचा डबा जागेवर बसवा. उघड्या कार्बोरेटरवर वाकून कोणी बघायचं नाही, आणि जवळ पाण्याची नको, वाळूची बादली ठेवा. इतके दिवस सेल्फ मारून प्लग पेट्रोलने भिजले असतील. काढा, पुसा, उन्हात वाळवा. बॅटरीही दमली असेल, रात्रभर चार्जिंगला लावा. सायलेन्सरमध्ये न जळलेलं पेट्रोल साठलेलं असतं, त्यामुळे पहिल्या सुरुवातीला मागून एखादा मोठा बार उडेल. गल्लीतली पोरं मागे उभी नाहीत ना, बघा.

एवढं करूनही नाहीच झाली, तर मग बेल्टचं झाकण उघडा आणि एकच गोष्ट तपासा. बाहेरच्या मोठ्या पुलीवर एक खाच असते. ती इग्निशनची वेळ बघायची, बेल्ट बसवायची नव्हे. बेल्टची खूण पुलीच्या आतल्या छोट्या गिअरवर असते. खाच झाकणावरच्या पट्टीवर आठ-दहा अंशांच्या रेघेला धरून बेल्ट बसवला तर अर्ध्या दाताचा घोळ होतो, आणि अर्धा दात बेल्टला घेता येत नाही. तो एक तर पुढे बसतो नाही तर मागे. तुम्ही गिअरची खूण असं लिहिलंय, म्हणून मला काळजी नाही.

प्रश्न : आमची डिझेल इंडिका २००४ची. मित्राने टायमिंग बेल्ट बदलला. सेल्फ मारताच एकदा ‘खट्’ झालं आणि इंजिन अडलं. आता पान्याने फिरवलं तरी दर वेळी एकाच जागी अडतं. जरा जोर लावला तर सुटेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : सुटेल, पण काय सुटेल ते तुम्हाला आवडणार नाही. अशा जुन्या डिझेल इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबून लहान करायची असते, म्हणून पिस्टन टॉपला आला की वर जागाच उरत नाही. वेळ चुकली की तो थेट उघड्या व्हॉल्व्हला जाऊन भेटतो. मिरजेच्या पेट्रोल गाडीचं उत्तर वर आहे, ते तुम्हाला लागू नाही.

बेल्ट काढा. मग क्रँक मोकळ्या बाजूने, म्हणजे उलटा, पाव वेढा फिरवा, म्हणजे सगळे पिस्टन अर्ध्यावर येतात आणि कॅम फिरवला तरी व्हॉल्व्ह कुठे आपटत नाहीत. कॅम त्याच्या खुणेवर आणा, त्यानंतरच क्रँक टॉपला न्या. डिझेल पंपही याच बेल्टवर फिरतो. त्याची तिसरी खूण मित्राने पाहिली होती का, हे त्याला न चिडता विचारा. बेल्ट बसवून दोन वेढे हाताने, कुठेही न अडता, फिरले पाहिजेत. मग कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचा दाब मोजा. एखाद्यात काटा उठलाच नाही तर हेड उतरवावं लागेल, त्याला इलाज नाही. तोवर गाडीची चावी तुमच्या खिशात ठेवा, मित्राला देऊ नका.