कोप्यांवरची नेत्रतपासणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या शिरोळ तालुक्यात हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. तरुण मंडळातर्फे दीडशे जणांची मोफत नेत्रतपासणी करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: शेवटाकडून करा. मोतीबिंदू निघालेल्या माणसाला कोण दाखल करून घेणार, कोणत्या वारी आणि एका वेळी किती जणांना, हे ठरल्याशिवाय तपासणीचा फलक छापू नका. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली शस्त्रक्रिया मोफत होते. त्यांना आधी भेटा. ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारीही अशा तपासणीला येऊ शकतात, फक्त वेळेत पत्र द्यावे लागते. शस्त्रक्रिया रुग्णालयातच व्हायला हवी. शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात ती करण्याचा विचारही नको.

आता ऊसतोडीची खास अडचण. जोडीतला एक जण दवाखान्यात गेला की दुसऱ्याचंही काम थांबतं. खाडा पडतो आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटायची लांबते. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात ‘ऑपरेशन करून घ्या’ म्हटलं तर माणूस मान हलवतो आणि येत नाही. त्यात शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे धूळ, धूर आणि डोक्यावरून पाणी टाळायचं असतं. कोपीत राहून हे जमणं कठीण. दुसऱ्या दिवशीची आणि आठवड्याभरानंतरची तपासणी तर चुकवून चालतच नाही. म्हणून साध्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावाकडच्या जिल्ह्यात करणं बहुतेकांना सोयीचं. कामगार बीडचा असेल तर बीडच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी द्या आणि यादीची एक प्रत तिकडे पाठवा. नोंदवहीत गाव, तालुका, मुकादमाचं नाव आणि मोबाइल नंबर हवाच. कामगाराचा स्वतःचा नंबर हंगामात अनेकदा बदलतो. दोन्ही डोळ्यांनी कमी दिसून चालताना ठेचकाळणाऱ्या माणसाला मात्र एप्रिलची वाट पाहायला लावू नका. त्याच्यासोबत कोण जाणार आणि बुडालेल्या मजुरीचं काय, हे मुकादमाशी आधीच बोलून घ्या.

प्रश्न: डॉक्टर एकच येणार आहेत. बाकीचं काम स्वयंसेवकांना जमेल का?

उत्तर: दृष्टी मोजणं जमेल. एका दुपारच्या सरावात शिकता येतं. अक्षरांचा तक्ता घेऊ नका, ‘ई’चा घ्या, चिन्हाची टोकं कोणत्या बाजूला आहेत ते माणसाने हाताने दाखवायचं. तक्ता ते डोळा अंतर 6 मीटर, टेपने मोजून जमिनीवर चुन्याची रेघ मारा. जागा अपुरी असेल तर 3 मीटरसाठीच बनवलेला तक्ता मिळतो. 6 मीटरचा तक्ता जवळ आणून लावला की सगळेच पास होतात. उजेड तक्त्यावर पडावा, तक्त्यामागे उघडी खिडकी नको. एकेक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, कारण फटीतून दिसतं आणि दाबल्यास नंतर तोच डोळा धूसर दिसतो.

तक्त्यावरची 6/12 अशी खूण असलेली ओळ ज्याला दिसत नाही, त्याच्या डोळ्यापुढे जाड काळा पुठ्ठा धरा, त्याला साधारण 1.2 मिलिमीटरचं एक छिद्र पाडलेलं असावं. छिद्रातून आणखी ओळी दिसल्या तर बहुधा चष्म्याचा नंबर आहे. तरीही दिसलं नाही तर मोतीबिंदू, बुबुळावरचं फूल (पांढरा डाग) किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार असू शकतो. तो माणूस थेट डॉक्टरांकडे. एवढ्या गाळणीमुळे डॉक्टरांचा वेळ वाचतो. चष्म्याचा नंबर काढायला मात्र एका माणसामागे आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणून दीडशे जणांसाठी नंबर काढणारे दोघे लावा किंवा काम दोन दिवसांत विभागा. बाहुली मोठी करणारे थेंब सरसकट घालू नका. काही तास धूसर दिसतं, आणि त्या अवस्थेत माणूस बैलगाडी हाकत अंधारात परततो. शिवाय काही डोळ्यांत त्या थेंबांनी दाब अचानक वाढू शकतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

प्रश्न: मागच्या वेळी वाटलेले चष्मे कोणी वापरलेच नाहीत. का?

उत्तर: बहुतेकदा जवळचा चष्मा लांबचा समजून दिला-घेतला जातो. तो लावून माणूस चालतो, जमीन वर-खाली दिसते आणि चष्मा ट्रंकेत जातो. चाळिशीनंतरचा चष्मा हातातल्या कामाचा, म्हणून देताना तांदूळ निवडायला किंवा सुई ओवायला द्या. साधारण 40 सेंटिमीटरवर स्पष्ट दिसलं की हातात ठेवा. शंभर तयार चष्मे न्यायचे तर +1.00 चे 10, +1.50 चे 25, +2.00 चे 30, +2.50 चे 20 आणि +3.00 चे 15 असा हिशेब ठेवा. लांबचा चष्मा मात्र प्रत्येकाच्या नंबरानुसार बनवावा लागतो, आणि टोळी दुसऱ्या फडावर हलण्याआधी तो पोचायला हवा. चष्मेवाल्याकडून तारीख लिहून घ्या.

प्रश्न: उसाचं पान डोळ्याला लागल्याचे रुग्ण येतील. त्यांचं काय करायचं?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बॅनरवर नसतो. पानाच्या धारेने बुबुळावर ओरखडा पडतो, त्यातून बुरशी आत शिरते आणि काही दिवसांत पांढरा डाग दिसू लागतो. तो डाग भरला तरी फूल राहून नजर कायमची जाऊ शकते. औषधाच्या दुकानातून ‘लालीचे थेंब’ म्हणून आणलेल्या स्टेरॉइडने सुरुवातीला बरं वाटतं आणि बुरशी मात्र वाढते. डोळ्यात तूप, दूध घालणं किंवा जिभेने कुसळ काढणं हेही तितकंच घातक. पान लागलं तर डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचा, पट्टी बांधायची नाही आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. पांढरा डाग, तीव्र वेदना किंवा अचानक गेलेली नजर असेल तर रुग्णाला रांगेत उभं न करता लगेच पाठवा. त्यासाठी एक गाडी दिवसभर राखून ठेवा.

संरक्षक चष्मे वाटणार असाल तर बाजूने हवा खेळणारे घ्या. बंद चष्म्यावर घामाने वाफ धरते आणि तासाभरात तो कपाळावर चढतो.

प्रश्न: कोप्यांवरच्या मुलांनाही तपासावं का?

उत्तर: जरूर, तीही त्याच दिवशी. टॉर्चच्या उजेडात बाहुली पांढरी दिसणारं मूल डॉक्टरांना लगेच दाखवा. तिरळेपणा वयाने जाईल असं आई-वडिलांना सांगू नका. सात-आठ वर्षांपर्यंत उपचार झाले नाहीत तर त्या डोळ्याची नजर मंदच राहू शकते. संध्याकाळी ठेचकाळणाऱ्या मुलाला रातांधळेपणा आहे का, हे विचारायचं विसरू नका.