मुलगा घरात ‘थँक यू, फाइव्ह’ म्हणतो तेव्हा

“ताई, मी त्याला हाक मारली, पाच मिनिटांत जेवायला ये म्हणून. तर खोलीतून म्हणतो, ‘थँक यू, फाइव्ह’. आईला असं बोलतात का?”

त्या आईच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. कुटुंब मराठी, अमेरिकेत बरीच वर्षं स्थायिक. मुलगा तिथल्या हायस्कूलमध्ये दहावीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि तिघांना विचारूनच लिहिते आहे.) शाळा सुरू झाल्यापासून तो शाळेच्या थिएटर ग्रुपमध्ये होता. आईने एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. हल्ली काळेच कपडे मागतो. हॉलच्या लाकडी फ्लोअरवर रंगीत टेपचे तुकडे चिकटवून ठेवलेत, ते काढले तर चिडतो. एका शुक्रवारी दार लावून रडला आणि कारण सांगितलं नाही. मित्राशी बोलताना ‘हेल वीक, हेल वीक’ चाललेलं असतं. आणि मग बाबांना मेसेज आला : शनिवारी स्ट्राइक आहे, यायला रात्र होईल. बाबांना वाटलं, शाळेत संप आहे आणि आपलं पोर त्यात पुढे आहे.

“तो कुठल्या नादाला लागलाय का, एवढंच मला सांगा,” ती म्हणाली.

मी समुपदेशक आहे. मूल थिएटरमध्ये गेलं की असे फोन मला नेहमी येतात. सॉकरच्या मुलांचे आईवडील असे फोन करत नाहीत, कारण गोल आणि पेनल्टी त्यांना कळतात. नाटकाच्या ग्रुपची बोली मात्र घरात कुणालाच येत नसते.

तरीही काळे कपडे, बंद दार आणि रडणं एकत्र दिसलं तर मी ते हसण्यावारी नेत नाही. मी झोप विचारली, जेवण विचारलं, मित्र तुटलेत का, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा करतो का, हे विचारलं. मग मुलाला एकट्याला भेटले.

आणि पहिल्याच भेटीत चुकले. “अभ्यास आणि नाटक दोन्ही कसं जमवतोस?” असं मी विचारलं. तो ‘फाइन’ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. घरी रोज हाच प्रश्न ऐकून तो विटला होता, आणि मीही तोच विचारला. थोड्या वेळाने मी म्हटलं, “ते फाइव्ह काय असतं, मला सांगशील?” तसा तो खुर्चीत सरसावून बसला.

प्रयोगाला पाच मिनिटं उरली की स्टेज मॅनेजर मेकअप रूममध्ये, विंगेत, जिथे जिथे मुलं असतील तिथे जाऊन ‘फाइव्ह!’ असा पुकारा करतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाने ‘थँक यू, फाइव्ह’ म्हणायचं. म्हणजे ऐकलं, मी तयार राहतो. उत्तर आलं नाही तर कोणीतरी ऐकलंच नाही, हे स्टेज मॅनेजरला कळतं. “आई मला कॉल देते, मी उत्तर देतो,” तो म्हणाला. “तिला राग का येतो?”

मी क्षणभर काही बोलले नाही. आईला जो उद्धटपणा वाटत होता, तो त्याच्या जगातला सगळ्यात साधा शिष्टाचार होता. एरवी तीन हाका मारल्या तरी ‘ओ’ न देणारा मुलगा आता ऐकल्याची पोच देत होता, आणि त्याबद्दलच बोलणी खात होता.

पुढच्या दोन भेटींत त्याने मला बरंच शिकवलं. फ्लोअरवरच्या टेपला ‘स्पाइक’ म्हणतात. टेबल, खुर्ची, पलंग रंगमंचावर नेमका कुठे ठेवायचा, त्याच्या त्या खुणा. दोन प्रवेशांमध्ये अंधार होतो, तेवढ्या काही सेकंदांत रन क्रूची मुलं सामान हलवतात. तीही प्रेक्षकांना दिसू नयेत म्हणून नखशिखांत काळ्या कपड्यांत असतात. हॉलमध्ये तो सोफा आणि दोन खुर्च्या मांडून त्या हालचालीचा सराव करत होता, डोळे मिटून. ‘हेल वीक’ म्हणजे टेक वीक, प्रयोगाआधीचा आठवडा. प्रकाश, ध्वनी, कपडे, नेपथ्य सगळं पहिल्यांदा एकत्र येतं, एकेका क्यूसाठी, म्हणजे दिवा किंवा आवाज बदलण्याच्या इशाऱ्यासाठी, तासभर थांबावं लागतं आणि घरी यायला रात्र होते. आणि ‘स्ट्राइक’ म्हणजे शेवटचा प्रयोग संपल्यावर सगळ्यांनी मिळून सेट उतरवणं. मुख्य भूमिका करणाऱ्यानेही हातात ड्रिल घ्यायचं, त्यातून सुटका नाही. मला विचाराल तर या ग्रुपची ही सगळ्यात चांगली परंपरा आहे.

शुक्रवारच्या रडण्याचं कारण मात्र शब्दार्थात सापडणारं नव्हतं. ऑडिशननंतर दिग्दर्शक काही मुलांना ‘कॉलबॅक’ला, म्हणजे पुन्हा बोलावतात. त्यानंतर कास्ट लिस्ट, म्हणजे भूमिका मिळालेल्यांची यादी, लागते. बऱ्याच शाळांत ती मुद्दाम शुक्रवारी लावतात, म्हणजे ज्यांचं नाव नाही त्यांना सावरायला दोन दिवस मिळतात. याला कॉलबॅक मिळाला होता आणि यादीत नाव नव्हतं. घरी सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, बरं झालं, आता केमिस्ट्रीकडे बघ. हे त्याने गृहीत धरलं होतं. बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं, “हो, हेच म्हणालो असतो.”

दोन दिवसांनी तो आपणहून क्रूमध्ये गेला. बाबांना खरा सल होता तो इथे. “स्टेजवर तरी असता तर समजलो असतो. हा खुर्च्या उचलतो.” मी त्यांना इतकंच विचारलं, की आपल्याकडे नाटक सुरू होताना ‘रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना विनम्र अभिवादन करून’ अशी घोषणा होते, त्यात नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांची नावं येतात ना? ते कॉलेजात असताना एकांकिका बघायला जायचे. तिसऱ्या घंटेनंतरची ती शांतता त्यांना आठवली. मग ते बराच वेळ तिसऱ्या घंटेबद्दलच बोलत राहिले आणि मी बोलू दिलं. त्यांना हेही ठाऊक नव्हतं, की इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी नावाची हायस्कूलच्या नाट्यविद्यार्थ्यांची मानाची संस्था तिथे १९२९पासून आहे, आणि तिचं सदस्यत्व पडद्यामागच्या कामाचे तास भरूनही मिळतं. हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला, कॉलेजच्या अर्जात लिहिता येईल म्हणून. माझ्या दृष्टीने हे कारण दुय्यम आहे, पण बाबांना आत शिरायला तेच दार उघडं होतं, तर तेच सही.

या ग्रुपचे काही संकेत बाहेरच्याला विचित्र वाटतात. शुभेच्छा द्यायच्या तर ‘गुड लक’ म्हणायचं नाही, ‘ब्रेक अ लेग’ म्हणायचं. थिएटरमध्ये ‘मॅकबेथ’चं नाव घ्यायचं नाही, ‘स्कॉटिश प्ले’ म्हणायचं. कोणी चुकून घेतलंच तर त्याने बाहेर जाऊन तीनदा गोल फिरून यायचं. सगळे निघून गेले तरी मोकळ्या रंगमंचावर एक दिवा जळत ठेवायचा, त्याला ‘घोस्ट लाइट’ म्हणतात. भुतांसाठी ठेवतात अशी गोष्ट सांगतात, पण अंधारात कोणी ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात पडू नये हा उपयोग अगदी खरा. आईला हा दिवा लगेच पटला. “आम्हीही बाहेर जाताना देवापाशी एक दिवा ठेवतो,” ती म्हणाली. प्रयोगाआधी मुलं हात धरून गोलात उभी राहतात, शेवटच्या वर्षाची मुलं बॅकस्टेजच्या भिंतीवर नाव लिहून जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपण कुठेतरी मोजले जातो हे यातून कळतं. या वयात ते किती लागतं, हे मी रोज बघते.

एक गोष्ट मात्र पालकांनी स्पष्ट विचारावीच. नव्या मुलांची फजिती करणारी, काही खायला-प्यायला भाग पाडणारी, ‘घरी सांगायचं नाही’ अशी अट घालणारी ‘परंपरा’ ग्रुपमध्ये असेल तर तिला हेझिंग म्हणतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत त्याविरुद्ध कायदा आहे. गोलात उभं राहून गाणं म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. मी या मुलाला सरळ विचारलं. तसं काही नव्हतं. पण टेक वीकमध्ये तो रोज पाच तास झोपत होता आणि रात्रीचं जेवण टाळत होता, ते नव्हतं चालण्यासारखं. तिथे मी आईच्या बाजूने उभी राहिले. ठरलं असं की टेक वीकचं वेळापत्रक आधी फ्रिजवर लागेल, त्या आठवड्याचा अभ्यास आधीच्या रविवारी उरकायचा, डबा न्यायचा, आणि घरी आल्यावर फोन बाहेर ठेवून झोपायचं. तो कुरकुरला, पण कबूल झाला.

आईबाबांना मी एकच काम दिलं. रोज एक शब्द त्याला विचारायचा आणि तो सांगेल तेव्हा मध्ये केमिस्ट्री आणायची नाही. पहिले दोन दिवस आईने विचारलं आणि त्याने तुटक उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी ‘ऑफ बुक’ (हातात संहिता न घेता संवाद पाठ म्हणणं) म्हणजे काय, यावरून गाडी त्याच्या मैत्रिणीच्या विसरलेल्या संवादावर गेली, तिथून यादी लागली त्या शुक्रवारवर. मग तो आपणहून बोलला.

प्रयोगाला दोघंही गेले. मुलगा त्यांना दिसला नाही, फक्त दुसऱ्या अंकात अंधार होऊन उजेड झाला तेव्हा पलंग बरोबर जागेवर होता. बाबांनी मला हे दोनदा सांगितलं. केमिस्ट्रीत अजून ‘बी’ ग्रेडच आहे आणि त्यावरून घरात खटके उडतात, तेही सांगितलं.

शेवटच्या भेटीत मी आईला टेपबद्दल विचारलं. फ्लोअरवरून काढली का?

“नाही काढली. शनिवारी व्हॅक्यूम करताना सोफा सरकवते ना, मग परत त्या निळ्या खुणेवर आणून ठेवते. एकदा बोटभर चुकला तर त्याने येऊन सरळ केला.”